आगटी जुनी, जोंधळा नवा

पौषातली सकाळ, नऊचा सुमार. मामाच्या वस्तीवर बांधाच्या कडेला हातभर खोल खड्डा खणलेला. त्यात तासाभरापूर्वी पेटवलेल्या गोवऱ्या आता ज्वाळा सोडून नुसत्या धुमसत असायच्या. ही आगटी. सालगडी रानातून कणसं खुडून आणी आणि एकेक निखाऱ्यात खुपसून देई. धूर डोळ्यांत जायचा, अंगावर शाल आणि पाठीवर कोवळं ऊन. कणसाचा हिरवा रंग काळपटला की तो ते उचलून तळव्यावर घेई, दोन्ही हातांनी चोळी, फुंकर मारून कोंडा उडवी आणि पोपटी दाण्यांची वाफाळती मूठ समोरच्या पळसाच्या पानावर सोडी. चोळायचं काम आम्हा पोरांना कधी मिळालं नाही. एकदा हट्टानं करून पाहिलं, तर दाणे कमी आणि फोड जास्त आले.

हा हुरडा. सोबत लसणाची किंवा कारळाची चटणी, गूळ आणि मडक्यातलं घट्ट दही. वर पाणी प्यायचं नाही, ताक प्यायचं, हा आजीचा दंडक. आजकाल ताटात शेव, रेवड्या आणि कसकसले फरसाणाचे प्रकार येतात. माझी काही तक्रार नाही, पण शेवेखाली हुरड्याची चव शोधावी लागते.

हुरडा हा पदार्थ की पिकाची अवस्था, हे आपली भाषाच सांगते. ज्वारी आधी पोटरीत येते, मग निसवते, मग फुलोऱ्यात येते. दाणा भरायला लागला की ती चिकात येते. दाणा चिमटला तर दुधासारखा चीक निघतो. चीक घट्ट होतो, पण दाणा अजून नखानं फुटतो, तेव्हा ज्वारी 'हुरड्यात आली'. या टप्प्यावर दाण्यात साखर अजून शिल्लक असते. पुढे तिचं पिष्ट होत जातं, दाणा टणक होतो आणि गोडी संपते. एका रानाला हे मोजके दिवस मिळतात. लवकर खुडलं तर आगटीत दाणा चिकट होऊन टरफलाला धरून बसतो, उशीर झाला तर दातांची परीक्षा. ज्वारीचं गणित कळणारा शेतकरी म्हणूनच एकाच रानात दोन-तीन वेळा पेरणी करतो, म्हणजे हुरडा टप्प्याटप्प्यानं येत राहतो.

आता कुळाकडे वळू. हुरड्याची गंमत अशी, की हे भाजणं आपल्या मुलखात ज्वारीची वाट पाहत बसलेलं नव्हतं. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात दोन खाद्यांची नोंद आहे: अर्धवट पिकलेलं शेंगांचं धान्य गवताच्या आगीवर भाजलं तर ते 'होलक', आणि जव-गव्हाची अर्धी पिकलेली कणसं तशीच भाजली तर ती 'उंबी'. मराठी माणसाला या शब्दांचा अर्थ विचारावा लागत नाही. हरभऱ्याचे टहाळ जाळावर धरून खातो तो हुळा, आणि गव्हाची ओंबी तर प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. उत्तरेत होळीच्या आगीत ओंब्या नि घाटे भाजायची चाल आजही आहे. पीक घरी येण्याआधी त्यातलं थोडं रानातच भाजून खायचं, ही रीत जव, गहू आणि हरभऱ्याच्या काळातली असावी. त्या पंगतीत ज्वारी मागाहून येऊन बसली.

आणि आली कुठून? आफ्रिकेतून. सुदानच्या पूर्व भागात, इरिट्रियाच्या सीमेकडे, खश्म-अल-गिरबा परिसरात जुन्या मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले. भांडी घडवताना मातीत धान्याचा भुसा मिसळलेला होता. भुसा जळून गेला, त्याचे ठसे मात्र राहिले. 2017 साली अभ्यासकांनी ते ठसे वाचले, तेव्हा त्यात लागवडीच्या वाटेवर असलेली ज्वारी निघाली, इसवीसनपूर्व 3500 ते 3000 या काळातली. तिथून ती समुद्रमार्गे आपल्याकडे आली, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या लाटेत जिनं बाजरी आणि नाचणीही आणली. बाजरी पश्चिम आफ्रिकेची, नाचणी पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखाची. म्हणजे महाराष्ट्र ज्यांना आपल्या मातीतल्या भाकरी म्हणतो, त्या तिन्ही पाहुण्या. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. चार हजार वर्षं राहिलेल्या पाहुण्याला कोण पाहुणा म्हणेल?

शब्दाच्या बाबतीतही हीच कथा. 'जोंधळा' या शब्दाचं मूळ व्युत्पत्तीकार संस्कृत 'यवनाल' या शब्दाकडे नेतात. यव म्हणजे जव, नाल म्हणजे पोकळ दांडा. नवं धान्य आलं तेव्हा लोकांनी ते ओळखीच्या जवाच्या नावानं हाक मारून घरात घेतलं. अनोळखी भाजीला आपण 'अमक्यासारखी' म्हणतो, तसंच.

नव्या धान्यानं मात्र जुन्या आगटीत सगळ्यात वरची जागा पटकावली. कारण सरळ आहे. दख्खनच्या काळ्या रानात पावसाळ्याचं पाणी मुरून राहतं. परतीचा पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बीची ज्वारी पेरायची. ती त्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढते आणि ऐन थंडीत हुरड्यात येते. कणीस मोठं, दाणा टपोरा. आगटीभोवती बसायला हवा तेवढा गारठाही तेव्हाच. सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात हाच मेवा 'सीतनी' या नावानं खातात, सुरतेत 'पोंक' म्हणून. आपल्याकडच्या हुरड्याच्या एका जातीचं नावच सुरती. कोकणात काळं रान नाही, ज्वारी नाही. तिथे रायगडात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भरून, मडकं उपडं घालून भोवती जाळ करतात. ती पोपटी. धान्य बदललं, थंडी आणि जाळ तेच.

हुरड्याच्या जातींची नावं नुसती वाचली तरी भूक लागते: गुळभेंडी, कुचकुची, दूधमोगरा, काळी दगडी. यांत चव हा एक गुण, पण चोळणाऱ्याला विचाराल तर खरा गुण दुसराच: दाणा टरफलातून सहज सुटला पाहिजे. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठी म्हणून 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' काढल्या, परभणीच्या विद्यापीठानं 'परभणी वसंत'. भाकरीचा मान मात्र मालदांडीकडे. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात 1930च्या दशकात स्थानिक वाणांतून निवडलेली 'मालदांडी 35-1' इतकी वर्षं रानात टिकून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

टिकण्याचीही एक कथा आहे. 1964 साली 'सीएसएच 1' ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली आणि खरिपाच्या रानांत 'हायब्रीड'नं धुमाकूळ घातला. उत्पन्न वाढलं, पण पावसात सापडलेला दाणा काळा पडे, भाकरीला ती चव नसे. त्यातच 1972चा दुष्काळ. रेशनवर परदेशी तांबडी ज्वारी आली, लोक तिला मिलो म्हणत. त्या पिढीतली माणसं मिलोचं नाव काढलं की आजही तोंड वाकडं करतात. गंमत पाहा, ती मिलोही आफ्रिकेचीच लेक, अमेरिका फिरून आलेली. एकाच कुळातली दोन भावंडं. एकीला आपण पाटावर बसवलं, दुसरी पोट भरूनही परकीच राहिली. हायब्रीडला रब्बीच्या कोरड्या, थंड रानात तसा जम बसवता आला नाही. म्हणून मालदांडी राहिली, म्हणून गुळभेंडीच्या दोन ओळी राहिल्या, आणि आगटीला कणसं मिळत राहिली. आज धोका हायब्रीडचा नाही. पाण्याची सोय झाली की ज्वारीच्या जागी ऊस येतो. उरलेल्या ज्वारीवर पाखरं तुटून पडतात, आणि माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायला आता माणूस मिळत नाही.

लातूर, धाराशिव, सोलापूरकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला अख्खी गावं रानात जातात. ज्वारीच्या धाटांची कोप करून पाच पांडव मांडतात, भज्जी आणि ज्वारीचे उंडे खातात, ताकात आंबवलेली ज्वारीची आंबील मोठ्या मडक्यातून गार गार पितात. ही येळवस, शहाण्या मराठीत वेळा अमावास्या. यात वेळेचा काही संबंध नाही. कानडीत 'एळ्ळु' म्हणजे तीळ. तिळाची अमावास्या सीमा ओलांडताना आपल्या तोंडात बदलली. धान्य आफ्रिकेचं, सणाचं नाव कानडी, आणि आंबील पिऊन बाभळीखाली घोरणारा गडी अस्सल मराठी.

मामाच्या वस्तीवर हुरडा बाराच्या आत उरके, कारण ऊन चढलं की कुणाला आगटीजवळ बसवत नसे. मग मामी येऊन त्या गरम राखेत चार वांगी आणि मूठभर कांदे पुरून जाई. संध्याकाळच्या भरिताची सोय.