मातीतली फटफटी डांबरावर



या व्यासपीठावर आजवर राजेरजवाडे, संत आणि समाजसुधारक यांचा इतिहास आपण ऐकला. आज आम्ही एका फटफटीचा इतिहास सांगणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे जे काही शिकलो ते लेथवर, कामगार संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. आयुष्य मागण्यांची निवेदने लिहिण्यात आणि वाटाघाटी करण्यात गेले. तेव्हा हा विषय आमच्या तोंडी पाहून काहींना नवल वाटेल. पण ही गाडी प्रथम कोणत्याही कारखान्याच्या यादीत नव्हती. हाताशी होते त्यातून मिस्त्र्यांनी आणि हौशी स्वारांनी ती घडवली आणि कारखानदार मागून आले. अशा वस्तूचा इतिहास कामगार-कार्यकर्त्याने सांगितला तर तो अनाठायी ठरू नये. शिवाय या इतिहासाच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो आम्हाला महाग पडलेला आहे: काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये?

आधी गाडीची ओळख करून घेऊ. फटफट्या ढोबळ मानाने दोन वळणांच्या असतात, एक रस्त्याची आणि दुसरी माळरानाची. चिखलातून, दगडधोंड्यांतून जाण्यासाठी जी गाडी करतात तिचे पुढचे चाक २१ इंची आणि मागचे १८ किंवा १९ इंची असते. मोठे चाक खड्ड्यात अडकत नाही, धोंड्यावरून चढून जाते. बैलगाडीचे चाक मोठे का, याचेही उत्तर हेच. टायरला ठोकळ्यांसारखे दाते असतात, ते मातीत रुततात. एंजिन बहुधा एका सिलिंडरचे आणि गाडी अंगाने सडपातळ. ब्रेकची डिस्क मात्र बेताची; कारण भुसभुशीत मातीत जोराचा ब्रेक दाबला तर चाक जागच्या जागी अडते आणि स्वार भुईवर येतो.

हीच गाडी डांबरी रस्त्यावर आणली की तिची पंचाईत होते. टायरचे दाते लवतात, पकड धड बसत नाही आणि उंच चाक वळणाला आढेवेढे घेते. यावरचा उपाय साधा आहे. सांगाडा आणि एंजिन तेच ठेवावे, दोन्ही चाके १७ इंची करावीत, त्यांवर रस्त्याचे रुंद टायर चढवावेत आणि पुढचा ब्रेक मोठा करावा. एवढे केले की ती हलकी गाडी अवघड वळणांत अशी फिरते की, तिच्याहून कितीतरी महाग गाडीवाल्याने पाहत राहावे. या गाडीला आज जगभर ‘सुपरमोटो’ म्हणतात.

तिचा जन्म एका प्रश्नातून झाला. अमेरिकेत फटफट्यांच्या शर्यतींचे तीन मोठे प्रकार होते. एक डांबरी धावपट्टीवरचा, दुसरा मातीच्या लंबगोल पट्टीवरचा आणि तिसरा टेकाडांवरून उड्या घेत जाण्याचा, म्हणजे मोटोक्रॉस. प्रत्येक प्रकाराचा विजेता निराळा आणि प्रत्येकाला वाटे, आपणच श्रेष्ठ. मग या सर्वांत खरा सरस स्वार कोण? मूळचे इंग्लंडचे आणि कॅलिफोर्नियात शर्यती भरवणारे गॅव्हिन ट्रिप यांनी हा प्रश्न निकालात काढायचे ठरवले. १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅड येथे त्यांनी एबीसी या दूरचित्रवाणी संस्थेसाठी ‘सुपरबायकर्स’ नावाची शर्यत भरवली. धावपट्टी एकच, तिचा काही भाग डांबरी, काही मातीचा. तिन्ही प्रकारचे स्वार एकत्र उभे राहिले. पहिल्या वर्षी मोटोक्रॉसचा केंट हॉवर्टन जिंकला.

कोण जिंकले यापेक्षा आम्हाला अधिक मोलाची वाटते ती मिस्त्र्यांची अडचण. माती आणि डांबर दोन्हींवर चालेल अशी शर्यतीची गाडी तयार मिळतच नव्हती. मग ज्याच्यापाशी जी गाडी होती ती त्याने खोलली. कोणी चाके बदलली, कोणी टायर, कोणी ब्रेक. आज आपण जिला एका नावाने ओळखतो ती गाडी अशी तडजोडीतून आकाराला आली. तो कार्यक्रम १९८५ नंतर बंद पडला. पण बी तोवर युरोपात पडले होते. फ्रान्समध्ये या शर्यतींनी चांगले मूळ धरले, तेथून त्या इतर देशांत पसरल्या आणि २००२ साली त्यांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली.

शर्यतींच्या मैदानाबाहेर जी पोरे होती, त्यांना या गाडीचे वेड लागले याचे कारण उघड आहे. जुनी माळरानी गाडी हाताशी असली की निम्मे काम झालेले असते. उरलेल्या निम्म्यात पैसा किती घालायचा हे ज्याच्या त्याच्या खिशावर आणि हुन्नरावर असते. तयार चाकांची जोडी महाग पडते. जाणता माणूस आपल्या जुन्या चाकांचे हब तसेच ठेवतो, नव्या १७ इंची रिमा आणतो, मापाचे स्पोक घेतो आणि चाक बांधून त्याचा आउट काढतो. पुढचे फोर्क नवे न घेता त्यांतले तेल आणि स्प्रिंगा बदलून ते कडक करतो. कारण डांबरावर ब्रेक दाबला की गाडी नाकावर झुकते.

येथे थोडे त्रैराशिक करू, कारण त्यावाचून ही काटकसर साधत नाही. सुझुकी कंपनीने २००० साली डीआर-झेड ४०० एस नावाची गाडी काढली. तिच्या मागच्या १८ इंची चाकाची टायरसकट उंची सुमारे ६७३ मिलिमीटर भरते. १७ इंची चाकावर १४०/७० मापाचा टायर चढवला तर ती ६२८ भरते. म्हणजे चाक एका फेरीत जवळजवळ सात टक्के कमी अंतर तोडते आणि त्याच वेगाला एंजिनला जास्त धावावे लागते. हे भरून काढायला मागच्या स्प्रॉकेटचे दाते त्याच प्रमाणात कमी करायचे. मूळ दाते ४४. हिशेबाने येतात ४१. पुढे २००५ साली त्याच कंपनीने या गाडीचा सुपरमोटो अवतार स्वतःच बाजारात आणला, तेव्हा तिच्या मागच्या स्प्रॉकेटला दाते होते ४१. गॅरेजमधल्या पोराने पाटीवर मांडलेले गणित आणि कारखान्यातल्या इंजिनियराचे गणित एकच आले. आम्हाला याचा मोठा आनंद वाटतो. हुन्नर पदवी पाहून येत नाही.

तसेच पुढच्या चाकाचे. २१ इंची चाक टायरसकट सुमारे ६९३ मिलिमीटर, तर १७ इंची ६००. वेगाचा काटा पुढच्या चाकावर चालणारा असेल तर गाडी ताशी ६० किलोमीटर धावत असताना तो ६९ दाखवील. तो दुरुस्त करून घ्यावा लागतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मातीत मागचे चाक थोडे घसरते आणि साखळीचे हिसके माती पोटात घालते. डांबरावर टायर घट्ट धरतो आणि तेच हिसके गिअरबॉक्सला बसतात. म्हणून रस्त्याच्या गाड्यांच्या मागच्या हबमध्ये रबर घातलेले असतात; निव्वळ शर्यतीच्या माळरानी गाडीत ते बहुधा नसतात. शिवाय तिच्या एंजिनचे तेल किलोमीटरांवर नव्हे, तर तासांच्या हिशेबाने बदलावे लागते. म्हणून स्वस्तात मिळाली तरी शर्यतीची गाडी अशा कामाला घेऊ नये. घेताना स्वस्त आणि पोसताना महाग, अशातली ती गत.

आता कारखानदार या गोष्टीत कसे आले ते पाहू. ऑस्ट्रियात माटिगहोफेन या गावी केटीएम नावाचा कारखाना आहे. माळरानी गाड्या करण्यात त्याचे नाव मोठे. पण १९९१ साली त्याचे दिवाळे वाजले. नव्या मालकीखाली तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा १९९४ साली त्याने ‘ड्यूक’ ही गाडी काढली. ती म्हणजे आपल्याच माळरानी गाडीचे एंजिन आणि सांगाडा घेऊन, १७ इंची चाके चढवून केलेली रस्त्याची गाडी होती. हौशी मंडळींची युक्ती अशी मालाच्या यादीत गेली.

पुढचा धागा थेट आपल्या दारी येतो. २००७ साली पुण्याच्या बजाज कंपनीने केटीएममध्ये भागभांडवल घेतले. २०११ साली चाकणच्या कारखान्यातून लहान ड्यूक परदेशी जाऊ लागली आणि २०१२ साली २०० सीसीची ड्यूक आपल्या बाजारात आली. नाव तेच, पण ही नवी ड्यूक जन्मतःच रस्त्याची; मातीशी तिचे नाते उरले नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये चाकणहून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, न विकलेल्या गाड्यांच्या ढिगाखाली दबलेली ऑस्ट्रियातली मूळ कंपनी पुन्हा दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि तेथल्या कामगारांचे त्या महिन्याचे पगार अडकले. २०२५ साली बजाजने पैसा घालून तिचा ताबा घेतला. जी युक्ती पोरांनी फुकट दिली, तिच्यावर कारखाने उभे राहिले. पण कारखाना डळमळला तेव्हा आधी हिसका बसला तो पगारावर. तेथेही मधले रबर नव्हते.

आता आमची चूक सांगतो. आमच्या संघटनेत एक पोरगा आहे, कंत्राटी फिटर. २०१९ साली हीरो कंपनीची एक्सपल्स ही गाडी आली. तिची चाके माळरानी, पुढचे २१ आणि मागचे १८ इंची. त्याने ती जुनी विकत घेतली. नाना पेठेत आणि जुन्या बाजारात रविवारमागून रविवार हिंडून त्याने रिमा, टायर आणि मोठी डिस्क जमवली. चाके स्वतः बांधली आणि ती उत्तम बांधली. राहिला तो ब्रेकचा कॅलिपर नव्या डिस्कवर आणून बसवणारा ब्रॅकेट.

“भाऊ, तयार ब्रॅकेटचे साडेतीन हजार मागतात,” तो म्हणाला.

“अरे, पट्टीच ती,” आम्ही म्हणालो. “आपल्या पोरांकडून दोनशे रुपयांत होईल.”

झाली. भंगारातल्या पातळ पट्टीची, कडेला अगदी चिकटून भोक पाडलेली. वसाहतीमागच्या मोकळ्या पट्ट्यावर त्याने गाडी काढली आणि तिसऱ्या फेरीला ब्रेक दाबला. पट्टी भोकापाशी फाटली, कॅलिपर फिरून स्पोकांत शिरला आणि चाक अडले. वेग बेताचा म्हणून मनगटावर भागले. कंत्राटी माणूस, दीड महिना घरी बसला. त्याची आई आम्हाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

श्रोतेहो, त्याच महिन्यात एका कारखान्यात प्रेस मशीनच्या संरक्षक जाळीवरून आमची वाटाघाट चालू होती. समोरचे गृहस्थ म्हणाले होते, “पत्र्याची जाळीच ती, तिच्यावर एवढा खर्च कशाला?” आम्ही त्यावर टेबलावर हात आपटून तावातावाने भाषण केले होते. आणि तेच वाक्य आम्ही आमच्या पोराला ऐकवले होते! “पट्टीच ती.” ज्याचे बोट जाणार नसते, त्याला जाळी म्हणजे पत्रा दिसतो, ज्याचे मनगट मोडणार नसते, त्याला ब्रॅकेट म्हणजे पट्टी दिसते. रंगात, पत्र्यात, दिव्यांत, सायलेन्सरच्या डौलात काटकसर करावी. स्वतःच्या मेहनतीने मजुरी वाचवावी. ब्रेक, रिम, स्पोक आणि टायर यांवर जी होते ती काटकसर नव्हे. ते कर्ज आहे, आणि ते दुसऱ्याच्या हाडांतून फिटते.

एक शब्द कायद्याविषयी. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला आहे. म्हणून आपल्याकडे अशी गाडी बंद धावपट्टीवरच शोभते. आम्ही आमच्या पोरांनाही तेच सांगतो. पण जर्मनीत निराळी वाट आहे. तेथे बदललेली गाडी तज्ज्ञाकडे न्यायची, त्याने ती तपासायची आणि बदल पटले तर गाडीच्या कागदांत नोंदवायचे. आम्हाला ही वाट अधिक रास्त वाटते. हुन्नराला बंदी घातल्याने तो मरत नाही, तो गल्लीत लपतो. आणि लपलेल्या हुन्नराची पट्टी कोणी तपासत नाही. आमच्या पोराची पट्टी एखाद्या जाणत्याने नुसती हातात घेतली असती तरी त्याने ती परत दिली असती.

त्या पोराने पुढे जाड ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट स्वतः मापे घेऊन केला. बसवण्यापूर्वी तो एका जुन्या टूलरूमवाल्या कारागिराला दाखवला. त्यांनी एक भोक कडेपासून आत घ्यायला लावले. आम्हाला विचारायला मात्र तो आला नाही आणि त्यात त्याचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही.