विस्त्रेआमचा काँक्रीटचा बुरूज

मंडळी, बुरूज म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दगड, चुना आणि पिंपळाची मुळे येतात. आज ज्या बुरुजाची हकीकत सांगायची आहे, तो काँक्रीटचा आहे आणि त्याचे वय अजून शंभर वर्षांचेही झालेले नाही. गुरुजींनी युरोपचा नकाशा उघडावा. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर नॉर्मंडी हा मुलूख आहे. तिथे ऑर्न नदी समुद्राला मिळते आणि त्या मुखाशी विस्त्रेआम नावाचे लहानसे शहर आहे. तिथल्या घरांच्या वर डोके काढून हा १७ मीटर उंचीचा बुरूज उभा आहे. आज त्यात संग्रहालय आहे.

तो उभा राहिला कसा? १९४० साली जर्मनीने फ्रान्स जिंकला. पुढे रशियात लढाई रुतली, अमेरिकाही युद्धात उतरली, आणि इंग्लंडातून फौजा येऊन उतरतील ही धास्ती हिटलरला लागली. १९४२ साली त्याने हुकूम काढला. नॉर्वेपासून स्पेनच्या हद्दीपर्यंतचा किनारा बंद करायचा! यालाच ‘अटलांटिक भिंत’ म्हणतात. नाव भिंतीचे, पण ती सलग भिंत नव्हे बरं का. तोफांचे मोर्चे, बंकर, काटेरी तारा आणि पेरलेले सुरुंग यांची ती एक लांबच लांब माळ होती.

ही माळ ओवली मजुरांनी. काही पोटासाठी आले, पण पुष्कळांना वेठीला धरले होते. त्यांत फ्रेंच होते, स्पेनमधून परागंदा झालेले होते, रशियन युद्धकैदी होते. आणि हेही सांगितले पाहिजे की खुद्द फ्रान्समधल्या कितीतरी कंत्राटदारांनी या कामात पैसा केला. लढाईच्या गोष्टीत सेनापतींची नावे येतात, सिमेंटची पोती वाहणाऱ्यांची येत नाहीत. याच माळेच्या दक्षिणेला, बोर्दो शहराजवळच्या लाकानो इथे, १९४४ साली आपले हिंदी शिपाईही होते. आफ्रिकेत जर्मनांच्या हाती सापडलेले आणि पुढे सुभाषबाबूंच्या हाकेवरून उभ्या राहिलेल्या फौजेत सामील झालेले हे लोक. देशासाठी म्हणून निघाले आणि परक्याच्या किनाऱ्यावर परक्याचा पहारा करीत बसले. असो, तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

आपला बुरूज तोफांसाठी नव्हता, नजरेसाठी होता. सर्वांत वरच्या खोलीतून दूरमापक यंत्राने समुद्रावरच्या जहाजाचे अंतर काढायचे आणि ते टेलिफोनने किनाऱ्यावरच्या तोफखान्याला कळवायचे. खाली वीजयंत्राची खोली, विषारी वायू गाळून हवा आत घेणारी यंत्रे, बिनतारी यंत्र, दवाखाना, दारूगोळ्याचे कोठार, शिपायांच्या झोपायच्या जागा. या खोल्या आज १९४४ साली होत्या तशा मांडून ठेवल्या आहेत. एकदा दार लावले की बाहेरच्या जगाशी देणेघेणे नको, असा सगळा बंदोबस्त.

६ जून १९४४. सकाळी साडेसातच्या सुमारास दोस्त फौजा या किनाऱ्यावर उतरल्या. त्यांत कमांडर फिलिप किफेर यांच्या हाताखालचे १७७ फ्रेंच सैनिकही होते. आपल्याच देशाच्या वाळूवर पाय ठेवताना त्यांना काय वाटले असेल, कल्पना करा! कॅसिनोच्या जागी जर्मनांनी केलेले ठाणे त्यांनी लढून घेतले. तोफखान्यावर ब्रिटिश तुकडी चालून गेली, तर तिथल्या तोफा आधीच आत हलवलेल्या! म्हणजे डोळे शाबूत आणि हात गायब. बुरुजाने मात्र दाद दिली नाही. जवळ येणाऱ्यावर वरून हातबाँब आणि मशीनगनच्या गोळ्या. अखेर फौज त्याला बगल देऊन पुढे गेली.

तीन दिवस असेच गेले. गाव मोकळे झाले, रस्त्यावर ब्रिटिश गाड्या धावू लागल्या, आणि मधोमध हा बंद बुरूज. ९ जूनला लेफ्टनंट ऑरेल नावाचा ब्रिटिश इंजिनिअर अधिकारी अवघे तीन सोबती घेऊन दाराशी गेला. पोलादी दाराला त्यांनी सुरुंग लावले. दार काही एका दणक्यात उघडले नाही, त्या कामी चार तास गेले. दार पडले आणि आतून दोन अधिकारी व पन्नास शिपाई शरण आले.

चौघांपुढे बावन्न! मुले विचारतील, ते लढले का नाहीत? आम्हांला वाटते, त्यांना भित्रे म्हणू नये. बाहेर काय झाले हे त्यांनी त्या फटीतून तीन दिवस पाहिले होते. तोफा नाहीत, कुमक नाही, मग जाड भिंती राखायच्या कुणासाठी?

आज तिकीट काढून कुणालाही वर जाता येते. त्याच फटीशी उभे राहिले की समोर तोच समुद्र दिसतो. इंग्लंडातल्या पोर्टस्मथ बंदराहून येणारी प्रवासी बोट आता विस्त्रेआमच्या धक्क्याला लागते.