आधी सुई, मग ताप

पनवेल हे गाव वैद्यकीला नवखे नाही. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली येथे धूतपापेश्वराच्या नावाने औषधांचा कारखाना काढला. मुंबईहून पुण्याकडे जाणारा जुना रस्ताही याच गावावरून जातो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि भेदरलेली माणसे शहर सोडून मिळेल त्या वाटेने निघाली. रोगापेक्षा रोगाचा अंदाज कसा चुकतो, हे पाहायचे तर त्याच दिवसांकडे वळावे लागते.

डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा सुमारे निम्म्या कैद्यांनी आपखुशीने लस घेतली. त्यांतले काही त्याच दिवशी आजारी पडले. रोग त्यांच्या अंगात आधीच भिनलेला होता. पण बघणाऱ्याला दिसले एवढेच, की आधी सुई आणि मग ताप! ते सोडून हिशेब केला, तर लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला, आणि दगावला एकही नाही.

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. ते दुःख खरेच होते. पण एका बाटलीतला दोष साऱ्या लसीच्या माथी बसला. हाफकिन यांना परळची प्रयोगशाळा सोडावी लागली. निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. १९२५ साली त्याच संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

हे अडाण्यांचेच होते असे समजू नये. अमेरिकेत १९९८ साली डॉक्टरांपुढे एकाच रोग्याची माहिती ठेवली: काहींना तपासणीची हकिगत आधी व प्रयोगशाळेचा अहवाल मागून, काहींना उलट क्रमाने. माहिती तीच, पण अंदाज निराळे! जे मागून वाचले त्याचे वजन जास्त पडले. साध्या संभाव्यतेच्या गणितात क्रमाला किंमत नसते. पुंजभौतिकीत मात्र आधी काय मोजले यावर पुढचे उत्तर फिरते. म्हणून जेरोम बुझमायर प्रभृती मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये तेच गणित या डॉक्टरांच्या अंदाजांना लावून पाहिले. याचा अर्थ मेंदूत अणूंची जादू चालते असा नव्हे. प्रत्येक प्रश्न मनाची बैठक थोडी बदलून जातो, एवढाच.

दिवाळीत चार घरची मंडळी जमतात, आणि फराळाबरोबर दुखण्यांच्याही गोष्टी निघतात. ‘अमक्याने औषध घेतले आणि दुसऱ्याच दिवशी...’ असे कोणी म्हणाले, तर हळूच विचारावे, ‘आणि ज्यांनी घेतले नाही, त्यांचे काय झाले?’ भायखळ्याच्या त्या कैद्यांनी आपल्याला शिकवलेला प्रश्न हाच आहे.