उंबऱ्याच्या आतला कारखाना

मार्च 2020मध्ये ‘वर्क फ्रॉम होम’ हे शब्द आपल्या घरांत असे शिरले, की जणू ही कल्पना विषाणूबरोबरच जन्माला आली असावी. कंपन्या कर्मचाऱ्यांना खुर्च्या पाठवू लागल्या, इंटरनेटचे बिल कोणी भरायचे यावर परिपत्रके निघाली, एकटेपणावर समुपदेशकांची व्याख्याने झाली. माझा भाचा तेव्हा पुण्यात दोन खोल्यांत बसून संगणकावर काम करत होता आणि मी विडी कामगारांविषयीचे कायदे व निकाल वाचत होतो. फोनवर तो अडचणी सांगे: बसायला जागा नाही, कामाची वेळ संपतच नाही, केलेले काम परत का आले ते कळत नाही, बोलायला कोणी नाही. यांतली एकही तक्रार माझ्यापुढच्या कागदांना नवी नव्हती. फरक इतकाच, की त्या कागदांतल्या बायकांना खुर्ची कोणी पाठवली नव्हती.

मी वकील नाही, इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. न्यायालयाचे निकाल मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला शिकलो. वकील निकालाचा शेवट आधी पाहतो. मी हकिकत आधी वाचतो, कारण मला तेवढीच नीट कळते.

‘शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा 1962च्या निवाडासंग्रहांत छापलेला निकाल घ्या. एका विडी कामगाराला भरपगारी रजा दिली नाही, म्हणून मालकावर खटला झाला होता. कामगार कारखान्यातच बसून विड्या वळत होता. पण तो हवे तेव्हा येई, हवे तेव्हा जाई, मजुरी नगावर. त्याच्यावर मालकाचे नियंत्रण कुठे आहे, असा प्रश्न पडला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने तो कारखाना कायद्याखालचा कामगार नाही असे ठरवले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदवले. कारखान्याच्या छपराखाली बसलेल्याची ही गत, तर घरात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला कामगार कोण म्हणणार?

उत्तर 1966मध्ये संसदेने दिले. विडी आणि सिगार कामगार (सेवाशर्ती) कायद्याने मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणाऱ्यालाही कामगार म्हटले. माझ्या मते आपल्या श्रमकायद्यांतले हे फार मोठे पाऊल आहे, आणि त्याची म्हणावी तशी दखल आपल्याकडे घेतली गेलेली नाही. मात्र याच कायद्याने ‘औद्योगिक जागे’च्या व्याख्येतून खासगी राहते घर वगळले. म्हणजे बाई कामगार ठरली, पण ती जिथे बसते ती जागा कारखाना ठरली नाही. उजेड, हवा, स्वच्छता, पिण्याचे पाणी, पाळणाघर ही सारी कलमे कारखान्याच्या दारापर्यंत येऊन थांबली. एका अर्थी ते बरोबरही होते. कोणाच्या स्वयंपाकघरात निरीक्षक घुसावा असे मीही म्हणणार नाही. पण तंबाखूची धूळ त्याच स्वयंपाकघरात उडत होती.

मालकांनी ही फट लगेच हेरली. कारखाना चालवायचा तर कलमे पाळा. त्यापेक्षा पाने आणि तंबाखू घरोघर वाटावी. याला घरखाता म्हणत. केरळात कण्णूरला 1968मध्ये एका मोठ्या विडी कंपनीने कामच बंद केले आणि सुमारे 12,000 माणसे उघड्यावर पडली. त्यांतून 1969मध्ये ‘केरळ दिनेश विडी’ ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. तिथल्या विडीशाळांत एक जुनी रीत होती. एकाने वर्तमानपत्र किंवा कादंबरी मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी वळता वळता ऐकायचे, आणि वाचणाऱ्याची बुडालेली मजुरी सर्वांनी मिळून भरून काढायची. घरखात्याने जे गेले ते एवढ्यावरून समजावे. घरात बसलेल्या बाईला वाचून दाखवणारे कोणी नसते, आणि शेजारणीला आज हजारी काय दर मिळाला हेही तिला विड्या देण्याच्या रांगेत उभी राहीपर्यंत कळत नाही.

त्या रांगेत खरा फैसला होई. विड्या तपासणारा हाताने चाळून त्यांतल्या काही बाजूला काढी. या बाद मालाला छाट म्हणतात. किती छाट काढायची याला धरबंध नव्हता, आणि छाटीची मजुरी बुडे. 1966च्या कायद्याने कच्चा माल देणे, विड्या नाकारणे आणि नाकारलेल्या विड्यांची मजुरी हे तिन्ही वादाचे विषय मानून त्यांच्या निवाड्याची सोय केली. महाराष्ट्राच्या नियमांनी छाट सहसा 5 टक्क्यांवर जाऊ नये अशी मर्यादा घातली. मालक न्यायालयात गेले. 1974मध्ये ‘मंगलोर गणेश बीडी वर्क्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पुढे 1985मध्ये, ‘पी. एम. पटेल अँड सन्स’च्या निकालात, घरी विड्या वळणाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधीही लागू झाला. इथला युक्तिवाद मला अजून थक्क करतो. मालक म्हणत होते, घरातल्या माणसावर आमचे नियंत्रण कसले? न्यायालय म्हणाले, माल नाकारण्याचा अधिकार तुमच्या हाती आहे, तेच नियंत्रण. जी छाट बाईच्या पोटावर येत होती, तिनेच तिला कामगार ठरवले.

दवाखाने, शिष्यवृत्त्या आणि घरांसाठी 1976मध्ये विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभारला गेला. यातला घरांचा भाग सोलापुरात सर्वांत रंगला. तिथे पद्मशाली समाजात पुरुष मागावर आणि बाई विडीवर, ही घरोघरची वाटणी. एका खोलीत पाने भिजतात, कापली जातात, विड्या वळल्या जातात, तिथेच पोरे झोपतात. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार स्त्रियांनी घरकुलांसाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि कुंभारी येथे 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. तिला वारली चळवळीच्या गोदावरी परुळेकर यांचे नाव दिले गेले. 2006मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या लोकार्पणाला आले. वर्तमानपत्रांनी हा निवाऱ्याचा कार्यक्रम म्हणून छापला. मला तो वेगळा दिसतो. गिरणी कामगाराला चाळीत खोली मिळाली, तरी त्याची गिरणी वेगळी राहते. विडीवालीला घर मिळते तेव्हा तिला बसायला जागा, कापायला उजेड, पाने ठेवायला कोपरा मिळतो. मालकाने जो कारखाना बांधायचा टाळला, तो सरकारच्या आणि तिच्या स्वतःच्या पैशांतून बांधला गेला. हा विजय आहेच, पण त्याचा हिशेब कोणाच्या खात्यावर पडला हेही पाहायला हवे.

पुढचे थोडक्यात. 1996मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामासंबंधीचा, म्हणजे घरी बसून मालकासाठी केलेल्या कामासंबंधीचा, 177वा करार मंजूर केला. त्यामागे ‘सेवा’ संस्थेचा मोठा आग्रह होता. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. 2017मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि विडीवरचा उपकर गेला. सप्टेंबर 2020मध्ये, अर्धा देश घरून काम करत असताना, संसदेने मंजूर केलेल्या नव्या श्रमसंहितेत 1966चा विडी कायदा विलीन करण्याची तरतूद झाली. त्यानंतर तीनेक महिन्यांनी केंद्राने सेवाक्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा काढला. नियुक्तीच्या अटींनुसार मालक कामगाराला, मालक ठरवील तेवढ्या काळासाठी, घरून काम करू देऊ शकेल, असे त्यात एक वाक्य आहे. जागा, वीज किंवा नाकारलेल्या कामाचा मोबदला यांविषयी त्या वाक्यात एक शब्द नाही.