दोह्यातला चेंडू आणि गुवाहाटीचा हिशेब

११ जून २०२४ च्या रात्री दोहा येथील जासिम बिन हमाद मैदानावर ७३ व्या मिनिटाला काय घडले, याबद्दल आता वाद उरलेला नाही. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत कतारविरुद्ध एका गोलने पुढे होता. कतारला फ्री किक मिळाली. युसुफ आयमेनने डोक्याने मारलेला चेंडू कर्णधार व गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवला, पण तो हातात राहिला नाही आणि अंतिम रेषेपलीकडे गेला. आता कॉर्नर मिळणार असे समजून भारतीय खेळाडू थांबले. तेवढ्यात हाशमी हुसेनने बाहेर गेलेला चेंडू पायाने आत ओढला आणि आयमेनने तो जाळ्यात ढकलला. दक्षिण कोरियाचे पंच किम वू-सुंग यांनी गोल दिला. ८५ व्या मिनिटाला कतारने दुसरा गोल केला. भारत १-२ असा हरला आणि स्पर्धेबाहेर गेला.

या गोलावर तेव्हा भरपूर लिहिले गेले. मला त्या शिट्टीपेक्षा तिच्यामागे दडलेल्या हिशेबात जास्त रस आहे. त्यासाठी आधी रेषेचा नियम नीट पाहायला हवा.

आमच्या सोयगावकडे फुटबॉल हा मुख्यतः टीव्हीवर पाहण्याचा खेळ. मैदानावर कबड्डी आणि खो-खो. त्यामुळे फक्कीने आखलेल्या रेषेवरून होणारी भांडणे आम्हाला चांगली ठाऊक आहेत. कबड्डीत पाय बाहेर टेकला की खेळाडू बाद. फुटबॉलची रेषा जास्त उदार आहे. तिथे रेषा ही मैदानाचाच भाग असते आणि संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडली तरच तो बाहेर धरला जातो, मग तो जमिनीवर असो की हवेत. चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर. म्हणजे तो रेषेपलीकडच्या गवतावर टेकलेला असला, तरी वरून पाहिल्यास त्याचा फुगवटा रेषेवर येत असेल तर तो खेळातच आहे. साध्या डोळ्यांना हे पटत नाही.

याच कतारमध्ये, दीड वर्षापूर्वी, हे जगाने पाहिले होते. १ डिसेंबर २०२२ रोजी खलिफा मैदानावर विश्वचषकात जपान आणि स्पेन खेळत होते. जपानच्या मितोमाने अंतिम रेषेवरून चेंडू मागे वळवला आणि तनाकाने गोल केला. छायाचित्रांत तो चेंडू सरळ बाहेर गेलेला दिसत होता. व्हिडिओ पंचांनी वेळ घेऊन तपासले आणि गोल मान्य केला. चेंडूची कड रेषेवर जेमतेम एक-दोन मिलिमीटर होती असे सांगितले गेले. त्या गोलावर जपान जिंकला आणि चार वेळचा विश्वविजेता जर्मनी घरी गेला. भारताच्या सामन्यात चेंडू मिलिमीटरने बाहेर नव्हता, चांगला स्पष्ट बाहेर होता. पण आशियाई पात्रतेच्या त्या दुसऱ्या फेरीत व्हिडिओ पंचांची सोयच नव्हती. देश तोच, रेषा तीच. कॅमेऱ्यातून न्याय कोणत्या फेरीपासून सुरू होतो एवढाच फरक. श्रीमंत फेऱ्यांना यंत्र आणि गरीब फेऱ्यांना पंचाची नजर, अशी ही व्यवस्था आहे. त्या नजरेच्या आड गोलपुढची खेळाडूंची गर्दी येते, हे पंचांच्या बाजूनेही नोंदवले पाहिजे.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सामना आयुक्तांकडे तक्रार केली, आशियाई महासंघाला आणि फिफालाही लिहिले. निकाल बदलला नाही आणि बदलणारही नव्हता. खेळातील घटनांविषयी पंचाचा निर्णय अंतिम असतो आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर तो मागे घेता येत नाही. इथे मराठी वाचकाला १९५२ चे हेलसिंकी आठवेल. जपानच्या इशीशी झालेल्या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर खाशाबा जाधवांना लगेच सोव्हिएत मल्ल ममदबेयोवसमोर उभे करण्यात आले. नियमाने अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ते ठणकावून सांगायला एकही भारतीय अधिकारी तिथे नव्हता, ही हकीकत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तेव्हा बोलणारा कोणी नव्हता. दोह्यानंतर बोलणारे पुष्कळ होते, पण ऐकण्याची तरतूद नव्हती.

तक्रार करणाऱ्याचे वजन किती, यावरही पुष्कळ ठरते. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका आडव्या खांबाला लागून गोलरेषेच्या चांगला आत पडला, तरी पंचांनी गोल दिला नाही. दोन वर्षांत गोलरेषेवरील तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली आणि २०१४ च्या विश्वचषकात ते बसवलेही गेले. नोव्हेंबर २००९ मध्ये फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीने हाताने चेंडू अडवून करून दिलेल्या गोलामुळे आयर्लंडचा विश्वचषक हुकला. फेरसामना नाकारण्यात आला. पुढे २०१५ मध्ये उघड झाले की फिफाने आयर्लंडच्या संघटनेला मैदान बांधण्यासाठी ५० लाख डॉलरचे कर्ज दिले होते आणि नंतर ते माफही केले होते. तक्रार दाबण्याचा याहून सभ्य मार्ग मला तरी ठाऊक नाही.

चुकीच्या किंवा शंकास्पद शिट्टीने नावेही घडतात. १९६६ च्या अंतिम सामन्यात हर्स्टचा फटका खांबाला लागून खाली आपटला. चेंडू रेषेच्या आत होता असे सोव्हिएत संघाचे लाइन्समन तोफिक बहरामोव्ह यांनी सांगितले आणि इंग्लंडला गोल मिळाला. त्यावर आजही एकमत नाही. पण बहरामोव्ह यांच्या अझरबैजानात, बाकू शहरातील मोठ्या मैदानाला त्यांचे नाव आहे आणि तिथे त्यांचा पुतळाही आहे. पुतळ्याच्या अनावरणाला खुद्द हर्स्ट गेले होते. लाइन्समनचा पुतळा! क्रीडा-इतिहासात असे फार घडत नाही.

आता हिशेबाकडे. भारताच्या गटात कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान होते. पहिले दोन संघ पुढच्या फेरीत जाणार होते आणि पुढच्या फेरीत जाणाऱ्याला २०२७ च्या आशियाई चषकाची जागाही आपोआप मिळणार होती. शेवटच्या दिवशी भारताचे ५ गुण होते, अफगाणिस्तानचे ५, कुवेतचे ४. त्या रात्री कुवेतने अफगाणिस्तानला १-० असे हरवून ७ गुण केले. भारत जिंकता तर ८ गुण होते, म्हणजे प्रवेश नक्की. पण पंचांनी तो गोल नाकारला असता आणि ८५ व्या मिनिटाचा गोल तसाच झाला असता, तर बरोबरीत भारताचे ६ गुण होऊन तो तरीही बाहेरच गेला असता. अन्यायाने खचलेल्या संघावर झालेला दुसरा गोल वेगळा काढून मोजता येत नाही, असे कोणी म्हणेल. ते मान्य आहे. तरीही समोरचा कतारचा संघ बहुतांशी नवख्या मुलांचा होता. आपली जागा त्यांनी आधीच पक्की केली होती.

म्हणून मागे, २६ मार्च २०२४ पर्यंत जावे लागते. गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध सुनील छेत्रीचा १५० वा आंतरराष्ट्रीय सामना होता. ३८ व्या मिनिटाला त्यानेच पेनल्टीवर गोल करून भारताला पुढे नेले. ७० व्या मिनिटाला अफगाणिस्तानने बरोबरी केली आणि ८८ व्या मिनिटाला पेनल्टीवर विजय मिळवला. तिथे कोणताही चेंडू रेषेबाहेरून आत ओढलेला नव्हता. तो सामना जिंकला असता, तर दोह्यात हरूनही भारत ८ गुणांवर थांबला असता आणि पुढे गेला असता. दोह्यातल्या पंचांची चूक तेव्हा वर्तमानपत्राच्या एका चौकटीत मावली असती.

गुवाहाटीची चर्चा आज कोण करतो? चुकीच्या शिट्टीचा हा परिणाम मला गुणांच्या नुकसानीपेक्षा मोठा वाटतो. हरणाऱ्याला ती सबब पुरवते, आणि सबब जितकी खरी, तितकी ती जास्त टिकते. ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध गोलशून्य बरोबरी करून छेत्री निवृत्त झाला होता. १५१ सामने आणि ९४ गोल, पण निरोपाच्या सामन्यात एक गोल मिळाला असता तर दोह्यातली कसोटीच सोपी झाली असती. प्रशिक्षक इगॉर स्टिमाक यांना दोह्यानंतर आठवड्याच्या आत काढण्यात आले. त्यांच्या पाच वर्षांच्या कारकिर्दीचा शेवट म्हणून तोच चेंडू लोकांच्या डोळ्यांसमोर राहील. हे त्यांच्यावर अन्यायकारक आहे आणि काही अंशी सोयीचेही.

पुढची जागा भारताला आशियाई चषकाच्या वेगळ्या पात्रता फेरीत शोधावी लागली. छेत्री मार्च २०२५ मध्ये निवृत्तीतून परतला. त्याच महिन्यात शिलाँगला बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी झाली, जूनमध्ये हाँगकाँगकडून हार झाली. प्रशिक्षक पुन्हा बदलले आणि मुंबईच्या मैदानांवर घडलेले खालिद जमील आले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरला हरवणे भागच होते. १४ व्या मिनिटाला लालियनझुआला छांगतेने गोल केला. दोह्यातला भारताचा गोलही त्याचाच होता. नंतर सिंगापूरच्या सोंग उइ-यंगने मध्यंतराच्या तोंडावर एक आणि मध्यंतरानंतर एक, असे दोन गोल केले.

गुवाहाटी, दोहा, फातोर्डा: तिन्ही ठिकाणी भारत १-० ने पुढे होता आणि तिन्ही ठिकाणी १-२ ने हरला. त्यांतल्या एकाच सामन्यात पंच चुकले होते. १८ नोव्हेंबरला सिंगापूरने हाँगकाँगला हरवून सौदी अरेबियाचे तिकीट पक्के केले. त्याच दिवशी ढाक्यात भारत बांगलादेशकडून ०-१ असा हरला.