देवरीचा रस्ता आणि गाडीचा विमा

देवरी हे गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे तालुक्याचे गाव. त्याची वाढ रेल्वेने नव्हे, रस्त्याने घडवली. नागपूर–कोलकाता लोहमार्ग उत्तरेकडून गोंदिया, आमगाव, डोंगरगड असा जातो. देवरी त्याच्या वाटेत येत नाही. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव करत रायपूरला जाणारा ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ मात्र गावातूनच गेला. मध्य प्रांताचा हा जुना रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग ६ झाला आणि २०१० च्या नव्या क्रमांकांत महामार्ग ५३. मालाच्या ट्रकची अखंड रांग, तिच्या कडेने सायकलवर किंवा पायी जाणारी माणसे, दोन्ही बाजूंना धानाची बांधी आणि जंगल, अशा ठिकाणी मोटारविम्याचा कोणता प्रकार कोणाच्या कामी येतो हे चटकन लक्षात येते. या विम्याच्या इतिहासात दोन प्रवाह आहेत. गाडीने ज्याचे नुकसान होते त्याच्यासाठीचे संरक्षण कायद्याने सक्तीचे केले आणि वाढवत नेले. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मालकाच्या मर्जीवर ठेवले.

१९१४ च्या मोटार वाहन कायद्यात विम्याची सक्ती नव्हती. अपघातात कोणी दगावले तर वारसांनी दिवाणी न्यायालयात मालकावर दावा लावायचा आणि मालक कफल्लक निघाला तर हुकूमनामा घेऊन बसायचे, अशी तेव्हाची स्थिती होती. ब्रिटनने १९३० मध्ये तृतीय पक्ष विमा सक्तीचा केल्यानंतर भारतातही तो विचार सुरू झाला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात विम्यासाठी आठवे प्रकरण घालण्यात आले. पण ते अमलात यायला १ जुलै १९४६ उजाडला. कायद्याचा बाकीचा भाग त्याआधी सात वर्षे चालू होता.

तेव्हापासून विम्याच्या तीन पायऱ्या रूढ झाल्या. सर्वांत खालची ‘अॅक्ट ओन्ली’, म्हणजे कायदा मागतो तेवढीच. मधली तृतीय पक्षाबरोबर आग आणि चोरी यांची. वरची ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’, जिच्यात स्वतःच्या गाडीचे नुकसानही येते. बोलण्यात पहिलीला ‘थर्ड पार्टी’ आणि तिसरीला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणण्याची रीत आजही आहे.

सक्तीच्या विम्यात एक मोठी विषमता होती. खासगी मोटारीने रस्त्यावरच्या माणसाला उडवले, तर कलम ९५ प्रमाणे विमा कंपनीची जबाबदारी जितकी भरपाई ठरेल तितकी होती. मालवाहू ट्रकने उडवले, तर तीच जबाबदारी २०,००० रुपयांवर थांबे. ही मर्यादा १९६९ च्या दुरुस्तीने ५०,००० आणि १९८२ च्या दुरुस्तीने दीड लाख झाली. ठरलेली भरपाई त्याहून जास्त असेल तर वरचा भार मालकावर. मालकाने जादा हप्ता भरून अमर्याद जबाबदारी विकत घेतली असेल तरच कंपनी तो उचले. ट्रकच्या वाहतुकीवर उभ्या असलेल्या गावांसाठी ही मर्यादा पोकळ नव्हती. धोका जिथे जास्त, तिथेच विम्याचा हात आखडता होता.

‘फुल’ या शब्दानेही गैरसमज पसरवला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध जुगल किशोर या खटल्यात स्पष्ट केले, की कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीमुळे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई मिळते. तृतीय पक्षाबाबतची मर्यादा त्यामुळे आपोआप उठत नाही. त्यासाठी वेगळा हप्ता भरलेला हवा आणि तसे पॉलिसीवर लिहिलेले हवे.

गाडीत बसलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न विदर्भातल्याच एका अपघाताने सोडवला. १८ डिसेंबर १९६० रोजी नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली, एका जिनिंग कंपनीच्या मालकीची मोटार सावनेरजवळ झाडावर आदळली. गाडी कंपनीचा व्यवस्थापक चालवत होता. सोबत बसलेले गृहस्थ जागीच गेले. रस्ता सरळ आणि १५ फूट रुंद होता, दोन्ही बाजूंना शेते होती. गाडी उजव्या कडेला जाऊन आदळली होती आणि धडकेने तिचे इंजिन जागेवरून फूटभर मागे सरकले होते. निष्काळजीपणा सांगणारा साक्षीदार नव्हता. न्यायाधिकरणाने वारसांना सुमारे ३१,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो निवाडा फिरवला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. सरळ रस्त्यावरची गाडी भलत्या बाजूच्या झाडावर जाते, यातच चालकाची चूक दिसते, असे न्यायालयाने मानले. विमा कंपनीने मात्र १५,००० रुपयेच द्यायचे होते, कारण मोफत नेलेल्या प्रवाशासाठी पॉलिसीत तेवढीच मर्यादा होती. उरलेली रक्कम गाडीच्या मालकाने द्यायची होती.

अशा दाव्यांसाठी दिवाणी न्यायालयाऐवजी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद १९५६ च्या दुरुस्तीने झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना होऊन भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला. नागपूर–रायपूर रस्ता दोन राज्यांत विभागला गेला आणि देवरी सीमेवरचे गाव बनले. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, एम. एच. ३५ हा नोंदणी क्रमांक त्याच्याकडे आला; १ नोव्हेंबर २००० ला पलीकडे छत्तीसगड झाले. देवरीजवळ शिरपूरच्या सीमा तपासणी नाक्यावर परमिट आणि योग्यता प्रमाणपत्राबरोबर विम्याचा कागद तपासला जाऊ लागला. गाडी कोणत्याही राज्यात नोंदलेली असो, सक्तीचा विमा देशभर एकच असतो. शिवाय परक्या राज्यातल्या ट्रकमुळे झालेल्या अपघाताची भरपाई इथल्या माणसाला आपल्या भागातल्या न्यायाधिकरणात मागता येते.

एसटीच्या बसचा हिशेब वेगळा. सरकारी परिवहन महामंडळांनी भरपाईसाठी स्वतःचा निधी उभारला तर त्यांना कंपनीच्या विम्यातून सूट देण्याची सोय कायद्यात आहे. तिथे भरपाई महामंडळ स्वतः देते.

हप्ता ठरवण्याचा कारभार दीर्घकाळ सरकारी चौकटीत चालला. १३ मे १९७१ ला सरकारने सर्वसाधारण विमा कंपन्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ कंपन्यांचे चार कंपन्यांत विलीनीकरण केले: नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. दर टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटी ठरवी, त्यामुळे चारही ठिकाणी हप्ता सारखाच पडे. स्पर्धा दरांची नव्हती. क्लेम लवकर निघतो की नाही, एवढाच फरक ग्राहकाला जाणवे.

१ जुलै १९८९ ला अमलात आलेल्या १९८८ च्या कायद्याने ट्रकची मर्यादा काढून टाकली. मृत्यू आणि दुखापतीसाठी विम्याची जबाबदारी अमर्याद झाली. मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र सक्तीची मर्यादा ६,००० रुपयेच राहिली. चूक कोणाची हे न पाहता द्यायची रक्कम १९८२ मध्ये मृत्यूसाठी १५,००० होती. ती या कायद्याने २५,००० आणि १९९४ मध्ये ५०,००० झाली. १ एप्रिल २०२२ पासून ती ५ लाख आहे. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही तर मृताच्या वारसांना १९८९ पासून ८,५०० रुपये मिळत. आता २ लाख मिळतात. रात्रीच्या अंधारात ट्रक निघून जाणाऱ्या महामार्गावर ही शेवटची तरतूद महत्त्वाची ठरते.

अमर्याद म्हणजे सर्वांसाठी, असे मात्र नाही. धानाच्या रोवणीला मजूर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेतात, लग्नाचे वऱ्हाड मालवाहू पिकअपमध्ये बसते. १९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू गाडीत मालासोबत जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधी यांना सक्तीच्या विम्यात घेतले; फुकट किंवा भाड्याने बसवलेल्या प्रवाशांना नाही. २००० च्या एका निकालाने या प्रवाशांनाही संरक्षण मिळेल अशी आशा निर्माण केली होती. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात तो निकाल फिरवला. ट्रॉली उलटली तर भरपाईचा बोजा मालकावर येतो, आणि मालक लहान शेतकरी असला तर जखमींच्या हाती फार थोडे लागते.

१ जुलै २००२ च्या अखिल भारतीय मोटार टॅरिफने स्वतःच्या नुकसानीचा हप्ता गाडीचे वय, इंजिनची क्षमता आणि प्रदेश यांवर बसवला. खासगी मोटारींसाठी मुंबई, पुणे, दिल्ली अशी आठ शहरे ‘अ’ विभागात आणि उरलेला देश ‘ब’ विभागात होता. देवरी अर्थातच ‘ब’ मध्ये. पाच वर्षांच्या आतल्या, १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीचा दर ‘अ’ मध्ये ३.१२७ टक्के आणि ‘ब’ मध्ये ३.०३९ टक्के. २ लाख रुपये घोषित किमतीच्या गाडीला मुंबईत ६,२५४ आणि देवरीत ६,०७८ रुपये पडत; महानगर आणि सीमेवरचे गाव यांच्यातला फरक १७६ रुपयांचा.

खासगी कंपन्यांना २००० पासून परवाने मिळाले, आणि १ जानेवारी २००७ ला स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले. थर्ड पार्टीचे दर मोकळे झाले नाहीत. ते आधी विमा नियामक आणि २०२२ पासून त्याच्या सल्ल्याने केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय जाहीर करते. १ जून २०२२ च्या दरांप्रमाणे १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये. दीडशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला ७१४ रुपये. ४० टनांवरच्या मालवाहू ट्रकला ४४,२४२ रुपये. ज्या ट्रकची जबाबदारी एकेकाळी २०,००० रुपयांवर थांबत होती, त्याच्या एका वर्षाच्या सक्तीच्या हप्त्याचा हा आकडा आहे.

पूर्ण विम्याचा खर्च गाडीच्या घोषित किमतीवर, म्हणजे आयडीव्हीवर ठरतो. ती पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्क्यांनी कमी धरतात. ५ लाखांच्या, १,५०० सीसीच्या आतल्या नव्या गाडीला जुन्या टॅरिफच्या ३.१९१ टक्के दराने १५,९५५ रुपये होतात. सलग पाच वर्षे क्लेम न केल्यास या भागावर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर तो लागत नाही. सुटे भाग बदलताना रबर आणि प्लास्टिकवर निम्मा घसारा कापतात, काचेवर शून्य. साकोली–देवरी दरम्यान, नवेगाव आणि नागझिरा यांमधल्या जंगलपट्ट्यात रोही किंवा रानडुक्कर आडवे येऊन ८,००० रुपयांचा बंपर फुटला, तर ४,००० घसाऱ्यात जातात, १,००० सक्तीच्या वजावटीत आणि हाती येतात ३,०००. दर मोकळे झाल्यानंतर आलेल्या ‘झिरो डेप’ या जोडविम्याने यातला घसारा वाचतो, हप्ता मात्र वाढतो. नुसता थर्ड पार्टी असेल तर या बंपरचा एक रुपयाही मिळत नाही.

पूर्ण विम्यात आग, चोरी, पूर आणि दंगल यांबरोबर दहशतवादी कृत्यही येते. नक्षलवादाची झळ सोसलेल्या तालुक्यात या ओळीला अर्थ आहे. दारू पिऊन किंवा परवान्याविना गाडी चालवणे यातून वगळलेले आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो, कारण दुसऱ्या वर्षी विमा न काढण्याची सवय सर्वत्र होती. मालक-चालकासाठी १५ लाखांचे अपघात संरक्षण त्याच सुमारास आवश्यक ठरले. विम्याविना गाडी चालवल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे. हा दंड मोटारसायकलच्या वर्षभराच्या सक्तीच्या हप्त्याहून जास्त भरतो. अवजड ट्रकच्या हप्त्यापुढे मात्र तो किरकोळच आहे.