नाव नसलेली नोंदवही

नोंद म्हटली की प्रथम नाव आले. गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तरात खातेदाराचे नाव, शाळेच्या पटावर विद्यार्थ्याचे नाव, रुग्णालयाच्या वहीत रोग्याचे नाव. किंबहुना मृत्यूनंतरही चित्रगुप्ताच्या चोपडीत पापपुण्याचा हिशेब नावानिशीच मांडलेला असतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. ज्या वहीत नाव नाही ती वही कसली, असे कोणाही कारकुनास वाटावे. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या शहरात अशी एक नोंदवही उघडली गेली, की जिच्यात माणसाच्या खऱ्या नावासाठी रकानाच ठेवलेला नव्हता. तिच्यात खाते होते ते सुईचे.

या वहीची गरज का भासली हे समजण्यास थोडे मागे जावयास हवे. मादक द्रव्ये शिरेत टोचून घेणारे लोक एकमेकांच्या सुया वापरतात, आणि सुईत राहिलेल्या रक्ताच्या थेंबाबरोबर एकाचा रोग दुसऱ्याच्या देहात शिरतो. हॉलंडमधील ॲमस्टरडॅम येथे १९८४ मध्ये व्यसनी लोकांच्याच एका संघटनेच्या आग्रहावरून जुनी सुई घेऊन नवी सुई देण्याचा उपक्रम सुरू झाला, तो काविळीच्या एका प्रकाराला आळा घालण्यासाठी. एड्सचे संकट त्यानंतर स्पष्ट झाले. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराचा अनुभव याच्या नेमका उलट होता. तेथे हेरॉइनचे व्यसन वाढताच सुया मिळणेच कठीण करण्यात आले. व्यसन थांबले नाही; मात्र एकेक सुई अनेकांच्या हातांतून फिरू लागली. १९८६ मध्ये तेथील एका दवाखान्यातील व्यसनी रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील निम्म्या लोकांच्या रक्तात एच.आय.व्ही.च्या संसर्गाची खूण आढळली.

अमेरिकेत हा प्रश्न अधिकच अवघड होता. कित्येक राज्यांत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून सिरिंज जवळ बाळगणे हाच गुन्हा होता, आणि सुया वाटण्यास केंद्र सरकारचा पैसा देऊ नये असा निर्बंध १९८८ मध्ये घालण्यात आला. त्याच वर्षी न्यूयॉर्क नगरीने एक प्रयोग करून पाहिला. परंतु त्याची कचेरी न्यायालयांच्या व पोलीस-ठाण्याच्या शेजारी थाटलेली. ज्याच्या खिशातील सुई हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा, त्याने त्या वस्तीत येऊन नावनोंदणीचे सोपस्कार पुरे करावेत, ही अपेक्षाच विचित्र होती. लाखो व्यसनींच्या त्या महानगरातून काही शे माणसे काय ती आली, आणि १९९० मध्ये नव्या महापौरांनी, डेव्हिड डिंकिन्स यांनी, तो प्रयोग बंद केला.

त्याच १९९० साली शेजारच्या कनेक्टिकट राज्याच्या विधिमंडळाने न्यू हेवन शहरास प्रायोगिक स्वरूपात सुया बदलून देण्याची अनुमती दिली. येल विद्यापीठामुळे प्रसिद्ध असलेल्या या सव्वा लाख वस्तीच्या शहरात एड्सने गरीब मोहल्ल्यांना ग्रासले होते. १९८६ च्या सुमारास जॉन पार्कर नावाच्या एका विद्यार्थ्याने, जो स्वतः एकेकाळी व्यसनात सापडलेला होता, कायदा मोडून रस्त्यावर सुया वाटण्यास आरंभ केला होता. आता नगरपालिकेच्या आरोग्य खात्याची मोटारगाडी उघडपणे ते काम करणार होती. परंतु विधिमंडळाने अट घातली होती, की प्रयोगाचा उपयोग होतो की नाही याचा अहवाल सादर करावा. विरोधकांचा आक्षेप साधा पण वजनदार होता : सरकारने सुया वाटणे म्हणजे व्यसनास हातभार लावणे, त्याने रोग कमी होतो याला पुरावा कोणता?

पुरावा मिळवावा तरी कसा? व्यसनी माणसास विचारले, तर तो प्रश्नकर्त्यास आवडेल ते उत्तर देण्याचा संभव. दर महिन्यास त्याचे रक्त तपासावे, तर तो गाडीकडे फिरकणारच नाही. आणि नाव-पत्ता लिहून घ्यावा, तर ती यादी उद्या पोलिसांच्या हाती पडणार नाही याची हमी कोण देणार? येथे येल विद्यापीठातील एडवर्ड कॅप्लन या गणितज्ञाने एक युक्ती योजली. माणूस बोलत नसेल तर सुईस विचारावे. येल येथीलच रॉबर्ट हायमर यांनी परत आलेल्या सुयांतील रक्ताचे अंश तपासण्याची जबाबदारी घेतली.

नोव्हेंबर १९९० मध्ये गाडी फिरू लागली. येणाऱ्या प्रत्येकाने स्वतःसाठी एक टोपणनाव घ्यावे, एवढेच बंधन होते. दिल्या जाणाऱ्या प्रत्येक सुईवर मात्र क्रमांक घातलेला असे. कोणत्या क्रमांकाची सुई, कोणत्या टोपणनावास, कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी दिली, ही एक नोंद. तीच सुई कोणी, केव्हा व कोठे परत आणली, ही दुसरी. परत आलेल्या सुयांतील काही निवडून प्रयोगशाळेत जात, आणि त्यांत विषाणूची खूण सापडली की नाही हे त्याच क्रमांकापुढे लिहिले जाई. हजारो सुयांचा असा ताळमेळ एखाद्या जुन्या पद्धतीच्या वहीत घालणे अशक्यप्राय होते. संगणकाने ते शक्य केले. अ या टोपणनावास दिलेली सुई ब ने परत आणली, तर ती हातोहात फिरली असावी, हेही त्यावरून दिसे. सुई किती दिवस बाहेर राहिली, हे तर वजाबाकीनेच निघे.

या वजाबाकीतच सगळे मर्म होते. १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधून काढले. सगळे डास मारणे शक्य नसले, तरी त्यांची संख्या पुरेशी घटली म्हणजे हिवताप आपोआप ओसरतो, हे पुढे त्यांनी गणिताने दाखविले. सुईचेही तसेच आहे. ती डासासारखी एकाच्या रक्ताचा अंश दुसऱ्याकडे नेते. ती जितके अधिक दिवस बाहेर फिरेल तितक्या अधिक देहांत शिरेल, आणि दूषित होण्याचा संभवही तितका वाढेल. नवी सुई देऊन जुनी लवकर परत घेतली, की सुईचे 'आयुष्य' कमी होते. माणसाने आपली सवय रतिमात्र बदलली नाही असे गृहीत धरले, तरीही विषाणूचा संचार मंदावतो. कॅप्लन यांच्या सिद्धांताचे सार हे असे आहे.

नोंदवहीने त्यास दुजोरा दिला. आरंभी रस्त्यावरून गोळा केलेल्या सुयांपैकी सुमारे दोन तृतीयांश सुयांत विषाणूची खूण होती. कार्यक्रमातून फिरून येणाऱ्या सुयांत हे प्रमाण काही महिन्यांत दोन पंचमांशांच्या आसपास उतरले. या आकड्यांवरून गणिताने काढलेला अंदाज असा, की कार्यक्रमात येणाऱ्यांमधील नव्या संसर्गाचा वेग सुमारे एक तृतीयांशाने घटला. हा अंदाज होता, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. सुईची परीक्षा म्हणजे माणसाची परीक्षा नव्हे, हे टीकाकारांचे म्हणणे खोटे नव्हते. तथापि ज्या विषयात तोवर केवळ मते होती तेथे प्रथमच मोजमाप आले होते. जुलै १९९१ मध्ये पहिला अहवाल बाहेर पडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या महापौरांनी आपला विरोध मागे घेतला. १९९२ मध्ये कनेक्टिकटने चिठ्ठीवाचून दहापर्यंत सिरिंज विकत घेण्याची मुभा दिली.

हाच प्रश्न भारताच्या दारात त्याच सुमारास उभा राहिला. ब्रह्मदेशाच्या सीमेवरून येणाऱ्या हेरॉइनने मणिपूरच्या तरुणांना गाठले होते. १९९० च्या सुमारास तेथील सुईने नशा करणाऱ्यांत एच.आय.व्ही. प्रथम आढळला आणि अल्पकाळातच त्यांच्यातील निम्म्याच्या आसपास लोक बाधित झाल्याचे दिसले. मणिपूर राज्याने १९९६ मध्ये आपले एड्सविषयक धोरण आखले आणि त्यात या लोकांची हानी कमी करण्याच्या उपायांना स्थान दिले. २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात स्वच्छ सुया पुरविणे हे देशव्यापी धोरणाचे अंग बनले, आणि २०१० पासून निरनिराळ्या केंद्रांची माहिती संगणकजाळ्यावर गोळा होऊ लागली.

येथे न्यू हेवनची वही पुन्हा आठवावी लागते. १९८५ च्या आपल्या अमली पदार्थविषयक कायद्यान्वये मादक द्रव्याचे सेवन हाही अपराध आहे. तेव्हा सुया घेणाऱ्यांची नावनिशीवार यादी ही आरोग्य खात्याच्या दृष्टीने रुग्णांची यादी असली, तरी दुसऱ्या कोणाच्या हाती ती आरोपींची यादी ठरू शकते. २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्सविषयक अधिनियमाने म्हणूनच दोन गोष्टी केल्या : हानी कमी करणाऱ्या अशा सेवा देणारा व घेणारा यांस त्या कृत्याबद्दल अपराधी धरता येणार नाही असे सांगितले, आणि संसर्गाविषयीची माहिती सांभाळणाऱ्या संस्थांवर ती सुरक्षित राखण्याचे बंधन घातले. कायदा कागदावर आला. तो पाळला जातो की नाही, हे मात्र दूरच्या एखाद्या केंद्रात वही उघडून बसलेल्या कर्मचाऱ्याच्या हाती असते.

संगणकाला विसर पडत नाही, आणि त्याची एक प्रत क्षणात शंभर ठिकाणी जाते. म्हणून 'मिळते आहे तर लिहून ठेवू' हा दप्तरी स्वभाव येथे घातक आहे. एखादा तरुण केंद्राच्या दाराशी येतो, टेबलावरची वही पाहतो आणि क्षणभर थबकतो. आपले नाव विचारतील की काय, या एका शंकेने तो परत फिरला, तर त्या दिवशी त्याच्या हातातील जुनी सुई त्याच्या मित्राकडे जाईल, आणि ती नोंद कोणत्याच वहीत होणार नाही. न्यू हेवनच्या गाडीत त्याला फक्त विचारले असते, की आज कोणते नाव घेणार? तो हसला असता आणि सुई डब्यात टाकून नवी घेऊन गेला असता.